लाल पट्टीचा पाइप

दुशिकचा पुढचा दात पडला तो गावच्या सभाघरासमोर, भर दुपारी, सगळं गाव जेवायला जमलेलं असताना. पाडला त्याच्या सख्ख्या थोरल्या भावानं, मानसॉपनं, हातातल्या एकोणीस नंबरच्या पान्यानं. आता सख्खे भाऊ एकमेकांचे दात पाडतात ते जमिनीच्या वाटणीवरून, नाहीतर बाईवरून, निदान बापाच्या श्राद्धावरून तरी. हे दोघे भांडले होते ट्रॅक्टरच्या दोन पाइपांवरून. सॉक्दाम गावात याचं कुणाला नवल वाटलं नाही. गावानं एवढंच म्हटलं, की पानं उठल्यावर भांडायला हवं होतं, सूप गार झालं.

भाऊ दोन आणि ट्रॅक्टर एक, असं बाप करून गेला होता. भातकापणी झाली की पेंढ्याचे अर्धा-अर्धा टनाचे गोल गठ्ठे पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शेतात पडतात, आणि ते उचलून ट्रकवर चढवायला ट्रॅक्टरच्या तोंडाला एक लोखंडी चिमटा लावतात. दोन वाकडे हात, कवेत घेतल्यासारखे गठ्ठ्याला धरणारे. चिमटा चालतो तेलाच्या दाबावर. त्याचे दोन पाइप मागून ट्रॅक्टरच्या दोन भोकांत बसवायचे, एक वर, एक खाली, आणि बसल्या जागी लिव्हर हलवायचा. एका पाइपाला बापानं लाल पट्टी गुंडाळली होती. लाल वरच्या भोकात घातला तर लिव्हर अंगाकडे ओढला की चिमटा उघडतो, पुढं ढकलला की मिटतो. पाइपांची अदलाबदल केली की सगळं उलटं. यंत्राला त्याचं सुखदुःख काही नाही. तेल इकडून गेलं काय नि तिकडून गेलं काय.

पण माणसाच्या हाताला असतं. मानसॉपचा हात बापाच्या हाताखाली तयार झालेला, त्यामुळं लाल वर. दुशिक ऐन तारुण्यात उल्सानच्या जहाज-कारखान्यात गेला, तिथं बरीच वर्षं खोदकामाचं यंत्र चालवून परत आला, आणि त्याचा हात नेमका उलटा बसलेला. त्याला उघडायचं म्हटलं की ढकलायचंच सुचे. म्हणून त्याचा लाल खाली. सकाळी एकानं जोडलं की दुपारी दुसरा गादीवर बसण्याआधी इंजिन बंद करी, शिव्या देत मागं जाई, लिव्हर हलवून दाब सोडी आणि पाइप उलटे लावी. रागाच्या भरात दाब सोडायचं विसरला की पाइप काही केल्या आत जात नसे, आणि तोंडावर तेलाची पिचकारी बसे. मग आणखी शिव्या. यातही एक अडचण होतीच. भावाची आई काढायची सोय नव्हती, कारण आई एकच.

एकानं दुसऱ्याचा हात शिकून घेतला असता तर प्रश्न मिटला असता, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण शिकायचं कुणी? मानसॉप म्हणे, धाकट्यानं शिकायचं. दुशिक म्हणे, ज्याची पद्धत चूक त्यानं शिकायचं. बापानं दोघांना पाठीवरचं ओझं टेकवून ठेवायच्या काठीनं बडवून वाढवलं होतं. मार खाताना दोघं एकमेकांकडे बघत, कोण आधी रडतो ते. बाप गेला, काठी चुलीत गेली, पण ते बघणं तेवढं राहिलं.

त्या दुपारी मानसॉपनं पाइप लावले होते आणि दुशिकनं न बघता लिव्हर ढकलला. मिटायला नको तेव्हा चिमटा मिटला आणि एक गठ्ठा फुटून गेला. मानसॉप पाना घेऊन त्याच्या मागोमाग सभाघरापर्यंत आला.

"आंधळ्या! लाल कुठंय ते बघायला डोळे नाहीत?"

"तुझ्या बापाची पद्धत तुझ्यापाशी ठेव, दादा."

"तुझा कोण होता मग तो? शेजारी?"

आणि पाना बसला. दुशिक पायरीवर पडला, तोंडातलं रक्त थुंकला आणि सगळ्या गावासमोर, म्हाताऱ्या पे-आजोबांसमोर, बायकांसमोर, ओक्नानवहिनीसमोर म्हणाला, "एक दिवस त्याच चिमट्यात धरून चिरडीन तुला. सगळ्यांनी ऐकून ठेवा."

सगळ्यांनी ऐकलं. थोरल्या भावाला असं बोलणं म्हणजे काय, ते त्या अंगणात प्रत्येकाला कळत होतं. बायकांनी माना खाली घातल्या. मानसॉप हातातल्या पान्याकडे बघत राहिला, मग तो खिशात घालून जेवायला आत गेला. ओक्नाननं थंड पाण्यात भिजवलेलं फडकं आणून दिराच्या तोंडाला लावलं. "भावजी, तुम्ही असं बोलायला नको होतं," ती म्हणाली. दात पाडणाऱ्याला ती काय म्हणाली ते दुशिकच्या कानावर आलं नाही.

पुढचे काही दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दुशिक वहिनीच्या हातचंच जेवायचा, पण उशिरा, भाऊ उठून गेल्यावर. जेवताना जीभ सारखी त्या खिंडीत जायची, आणि गेली की त्याचं डोकं फिरायचं. शेवटचं शेत उचलायच्या दिवशी घरातून निघताना त्यानं एकच ठरवलं होतं. आज दादानं बोट जरी लावलं तरी आपण मारायचं, आणि या वेळी थांबायचं नाही. मनातून त्याला हेही ठाऊक होतं, की दादानं बोट लावावं म्हणून तो वाट बघतोय.

शेतावर धुकं होतं. मानसॉप त्याच्याआधी येऊन गादीवर बसला होता, इंजिन चालू होतं, चिमटा लावून झाला होता. दुशिकनं पाइपांकडे बघितलंही नाही. दादानं जोडलेत म्हणजे लाल वर, त्यात बघायचं काय? तो ट्रकवर चढला. चढवलेला गठ्ठा सरळ करून रचणं हे त्याचं काम.

आणि मानसॉपला ट्रॅक्टर चालवता येईना.

पहिला गठ्ठा त्यानं धरता धरता सोडला. दुसरा ट्रकच्या कडेवर आणून चिमटा उघडायच्या ऐवजी आणखी आवळला, मग चपापून सोडला, तो गठ्ठा धप्पकन दुशिकच्या पायापाशी आदळला. तिसऱ्याला तो लिव्हरकडे बघून, ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखा आठवून आठवून हात हलवत होता. बापाच्या मांडीवर बसून ट्रॅक्टर शिकलेला माणूस! दुशिकला आतून हसण्याच्या उकळ्या फुटल्या.

"काय झालं दादा? हातावरून वारं गेलं का?" तो वरून ओरडला. "सकाळी सकाळीच ढोसलीस? का म्हातारपण आलं?"

मानसॉपनं मान वर केली नाही. "गप रच."

"काय रचू? तू सोडशील तर रचीन! वहिनींना पाठव, त्या बऱ्या चालवतील!"

बांधापलीकडे म्हातारे पे लसूण लावत होते. ते हसले. ते हसणं मानसॉपला ऐकू गेलं असणार, कारण त्याचे कान लाल झाले. एरवी तो एवढ्यावर उतरून आला असता. आज आला नाही. इंजिनाच्या आवाजात एवढंच म्हणाला, "दुपारनंतर तू बस."

दुशिकला वाटलं, हा आपल्याला चिडवतोय.

पुढच्या गठ्ठ्याला चिमट्याचं टोक घुसलं आणि प्लॅस्टिक हातभर फाटलं. फाटका गठ्ठा तसाच ठेवला तर आत हवा जाऊन पेंढा सडतो आणि गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून तो लगेच चिकटपट्टीनं बंद करावा लागतो. मानसॉपनं गठ्ठा छातीइतका उचलून तसाच धरून ठेवला, इंजिन चालू ठेवलं आणि पट्टीचं बंडल शोधत खाली उतरला. धरलेला गठ्ठा तिरका होता, एका अंगानं सुटलेला. त्याच्या नेहमीच्या हातानं असा कधी धरला नसता.

दुशिक ट्रकवरून उडी मारून खाली आला. ट्रकच्या बाजूला दोर आवळायचा बांबू टेकून ठेवलेला होता, तो त्यानं घेतला.

"हाही फोडलास. त्या दिवशी माझा एक फुटला तर दात घेतलास माझा. आता तुझं काय घेऊ?"

"बांबू ठेव," मानसॉप म्हणाला.

"दात घेऊ? का हात घेऊ? तसाही काही कामाचा राहिला नाही."

"दुशिक, बांबू ठेव. काम राहिलंय."

त्यानं हात उचलला नाही. दुशिक एवढे दिवस ज्याची वाट बघत होता ते भाऊ करत नव्हता, आणि त्यामुळं तो आणखीच पेटला. त्यानं बांबू उचलून हाणला. पहिला खांद्यावर बसला. दुसरा भुवईवर, आणि भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. तिसरा कमरेत. मानसॉप गुडघ्यावर आला. दुशिकनं लाथ घातली, चिखलात पडलेल्या भावाच्या छातीवर बसून त्याच्या तोंडावर गुद्दे घातले, आणि प्रत्येक गुद्द्याला ओरडला, "मार! मार ना मला! कुठं गेला तुझा पाना?" मानसॉपनं फक्त कोपर तोंडावर धरलं होतं. बांधापलीकडून पे-आजोबा ओरडले, "अरे मरेल तो, मेल्या!" त्यांना बांध ओलांडायला वेळ लागणार होता, गुडघे गेले होते त्यांचे.

दुशिकच दमला. उठून बाजूला झाला, आणि त्याला रडू यायला लागलं. या रडण्याचा त्याला इतका राग आला की तो पाठ फिरवून उभा राहिला. मागं मानसॉप उठत होता, एक पाय घसरत होता.

"झालं तुझं?" मानसॉपनं विचारलं. नाक चोंदल्यामुळं आवाज बदललेला. "झालं असेल तर पट्टी दे इकडं."

दुशिकनं दिली नाही. मानसॉपनं स्वतःच वाकून चिखलातून बंडल उचललं, रक्तानं भरलेला डोळा बाहीनं पुसला आणि गठ्ठ्याकडे गेला. फाटलेलं होतं आतल्या बाजूला, चिमट्याच्या वाकलेल्या हातामागं. धड दोन डोळ्यांनी दिसत असतं, कंबर जागेवर असती, तर तो तिथं खांद्यापर्यंत आत गेला नसता. निदान आधी गठ्ठा खाली तरी ठेवला असता. पट्टी दाबायला त्यानं हात घातला, खांदा घातला, आणि तिरका धरलेला गठ्ठा आपल्या वजनानं फिरला. मानसॉप चिमट्याच्या लोखंडात आणि गठ्ठ्यात छातीपाशी अडकला. पाय जमिनीवरून सुटले.

"उघड!" तो ओरडला. "दुशिक, उघड!"

दुशिक कसा धावला ते त्याला पुढं कधी आठवलं नाही. गादीवर चढला, लिव्हर धरला. त्याचा हात आपोआप पुढं निघाला होता. ढकलायला. आणि तेव्हाच त्याच्या मनात आलं, आज दादानं जोडलंय, दादाचं उलटं असतं, उघडायला ओढायचं. जन्मात पहिल्यांदा त्यानं आपला हात आवरला आणि भावाच्या पद्धतीनं लिव्हर अंगाकडे ओढला.

चिमटा आवळला.

मानसॉपची किंकाळी इंजिनाच्या आवाजातही ऐकू आली. दुशिकला वाटलं, पुरेसं उघडत नाहीये, दाब कमी पडतोय. त्यानं इंजिनाचा वेग वाढवला आणि लिव्हर शेवटपर्यंत ओढून धरला. भावाचं तोंड त्याच्याकडेच होतं, उघडं, आणि त्यातून आवाज येत नव्हता. मग ओला बांबू पायाखाली फुटावा तसा आवाज झाला. आणखी एक झाला. मानसॉपच्या तोंडातून रक्त आलं ते पांढऱ्या प्लॅस्टिकवरून खाली ओघळलं, आणि त्याचे हात, जे इतका वेळ लोखंड ढकलत होते, खाली पडले.

तेव्हा कुठं दुशिकला कळलं. त्यानं लिव्हर ढकलला. चिमटा लगेच उघडला, गठ्ठा आणि भाऊ दोन्ही चिखलात पडले. तो खाली उतरला. मानसॉपची छाती डावीकडून आत गेली होती. डोळे उघडे होते, त्यात ओळख होती की नव्हती, कुणास ठाऊक. दुशिकनं त्याच्या तोंडातलं रक्त बोटांनी काढायला सुरुवात केली. काढलं की पुन्हा येत होतं. थोड्या वेळानं यायचं थांबलं. पे-आजोबा तोवर पोचले होते आणि त्यांनी काठीनं दुशिकला बाजूला ढकललं.

किम्जे शहरातून पोलिस आले तोपर्यंत अर्धं गाव बांधावर जमलं होतं. कू नावाचा फौजदार, शेतकऱ्याचाच मुलगा, त्याला यंत्र समजावून सांगावं लागलं नाही. पे-आजोबांनी पाहिलं ते सांगितलं. "आधी बांबूनं झोडपलं. खाली पाडून गुद्दे घातले. मग थोरला त्यात अडकला, नि हा वर चढला, नि चिरडलं. मी डोळ्यांनी बघितलं." मग बाकीच्यांनी सभाघरासमोरचं सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. कुणी मीठमसाला लावला नाही, लावायची गरजच नव्हती.

"मी उघडत होतो," दुशिक म्हणाला. "दादाचं उलटं असतं. लाल वर असला की ओढायचं. म्हणून ओढलं."

कू ट्रॅक्टरच्या मागं गेला, वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. "इकडं ये," तो म्हणाला. "लाल कुठंय?"

लाल खाली होता.

"लाल खाली कोण लावतो?" कूनं बांधाकडे बघून विचारलं. बांधावरचे सगळे दुशिककडे बघत होते, ते पुरेसं होतं. लाल खाली म्हणजे दुशिक. ज्यानं जोडलं त्याला कुठं ओढलं की काय होतं ते ठाऊक असणारच.

दुशिक त्या पाइपाकडे बघत होता. सकाळपासून जे जे त्याला हसू आणत होतं ते सगळं आता त्याच्यापुढं उभं राहिलं: लिव्हरकडे बघणारा दादा, हलणारे ओठ, चपापून सोडलेला गठ्ठा, "दुपारनंतर तू बस". दादा आपला हात शिकत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, पे-आजोबांच्या देखत हसं करून घेत, शिकत होता. आणि आपण त्याला बांबूनं झोडपलं.  

"मी लावले," तो म्हणाला.

"काय?"

"सकाळी मी लावले. मला ठाऊक होतं. बोललो होतो तसं केलं. चला, न्या मला."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. त्याला खरोखरच सुटल्यासारखं वाटलं. खुनी म्हणून जन्म तुरुंगात काढता येतो, बरेच जण काढतात. दुसरं जे होतं ते घेऊन एक रात्रही काढता आली नसती.

ओक्नान इतका वेळ नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. त्याच्या कानातला चिखल पदरासारख्या धरलेल्या एप्रनच्या टोकानं काढत होती. तिनं ते डोकं हलकेच खाली ठेवलं आणि उठून आली.

"खोटं बोलतोय हा," ती कूला म्हणाली. "सकाळी त्यांनी लावले. मी बाजूला उभी होते. म्हटलं, अहो, उलटे लावताय. तर म्हणाले, दात पाडलाय मी त्याचा, तो काही परत लावता येत नाही, हे तरी त्याच्यासारखं लावतो. म्हणाले, दुपारपासून तोच बसेल, माझा खांदा आता साथ देत नाही. म्हटलं, मग त्याला सांगा तसं. तर म्हणाले, सांगायचं काय त्यात, बसल्यावर कळेलच त्याला."

"नाही वहिनी," दुशिक म्हणाला, "मीच लावले. तुम्हाला नीट..."

तिनं त्याच्या तोंडात मारली. दात पडलेली जागा फुटून पुन्हा रक्त आलं. तिनं दुसरी मारली. एवढ्या वर्षांत तिनं दिराला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"जन्मभर एकेक गोष्ट हिसकून घेतलीस त्यांच्यापासून! गादी पाहिजे, लिव्हर पाहिजे, शेवटचा शब्द पाहिजे! त्यांनी एक गोष्ट केली तुझ्यासाठी, उभ्या जन्मात एक, आणि तीही आता आपल्या नावावर लावून घेतोस? तुरुंगात जाऊन सुटतोस? त्यांनी केलं होतं ते! त्यांनी! सांग तसं!"

ती दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर, तोंडावर, जिथं बसेल तिथं मारत होती. कूचा शिपाई मध्ये पडायला निघाला, कूनं त्याला धरलं. दुशिकनं हात मागं घेतले आणि मार खात उभा राहिला.

"कुणी लावले पाइप?" कूनं पुन्हा विचारलं.

 ओक्नान मारायची थांबली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"दादानं," तो म्हणाला. "दादानं लावले. माझ्यासाठी." मग तो गुडघ्यावर बसला आणि लहान मुलासारखा मोठ्यानं रडायला लागला, आणि बांधावरच्या कुणालाही त्याच्याकडे बघवेना.